मॅडम, ह्याचा उपयोग काय?

आमच्या विषयाची तोंडी परीक्षा हॅरी पॉटरच्या पहिल्याच पुस्तकात आहे. स्नेप नावाचे तिरसट प्राध्यापक पहिल्याच तासाला पोराला उभं करतात आणि लागोपाठ तीन प्रश्न विचारतात. त्यातला शेवटचा प्रश्न असा, की मंक्सहूड आणि वुल्फ्सबेन यांच्यात फरक काय? फरक काहीच नाही, दोन्ही नावं एकाच वनस्पतीची. ती वनस्पती म्हणजे अ‍ॅकोनाइट, आपल्याकडच्या बचनागाची युरोपातली बहीण. मी आयुर्वेद महाविद्यालयात द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांचा विषय, शिकवते. बाहेरगावचे परीक्षक आले की बचनागाचं संस्कृत नाव घेऊन नेमकं असंच विचारतात, ‘वत्सनाभाचे पर्याय सांगा.’ मुलं विष, अमृत, गरल अशी नावं घडाघडा म्हणतात. विष आणि अमृत ही दोन्ही नावं एकाच कंदाला कशी, असं पुढे विचारलं की मात्र घोडं अडतं.

अद्भुतकथा मी वाचायला लागले ती विद्यार्थ्यांमुळे. प्रॅक्टिकलच्या जर्नलखाली लपवलेली जाडजूड पुस्तकं काढून घ्यायची, टेबलाच्या खणात ठेवायची आणि पोरांनी माफी मागेपर्यंत ती आपणच वाचायची, असा माझा शिरस्ता पडला. ज्या वयात मैत्रिणी गुडघ्यांबद्दल बोलू लागल्या, त्या वयात मी जादूगारांबद्दल बोलू लागले. वाचताना मला लढाया आणि ड्रॅगन फारसे दिसायचे नाहीत, औषधं दिसायची. धंद्याचा दोष. पण त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. चांगल्या अद्भुतकथेतलं औषध फुकट मिळत नाही. ते तयार व्हायला वेळ लागतो, ते नीट ओळखावं लागतं आणि काही दुखण्यांपुढे ते सरळ हात टेकतं. आमच्या ओपीडीत येणारी माणसं ज्याला जादू म्हणतात, तिच्यात यातलं काहीच नसतं.

त्या बचनागाचंच बघा. आमच्या शेजारच्या रसशास्त्र विभागात त्याचं शोधन, म्हणजे विष उतरवणं, चालतं. कंदाचे हरभऱ्याएवढे तुकडे करून तीन दिवस गोमूत्रात ठेवायचे, गोमूत्र रोज बदलायचं, मग साल काढून उन्हात वाळवायचे. दुसऱ्या रीतीत त्यांची पुरचुंडी बांधून दुधाच्या भांड्यात अधांतरी टांगतात आणि काही तास उकळवतात. याला दोलायंत्र म्हणतात. नाव भारदस्त असलं, तरी असतं ते एक पातेलं, एक आडवी काठी आणि एक फडकं. शोधन न केलेल्या तुकड्याचा जिभेला नुसता स्पर्श झाला तरी मुंग्या येतात, जीभ बधिर होते, आणि पोटात गेला तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावतो. शोधनात त्यातल्या मुख्य विषाचं, म्हणजे अ‍ॅकोनिटिनचं विघटन होऊन त्याहून पुष्कळ कमी विषारी द्रव्यं तयार होतात, हे रसायनशास्त्राने आता दाखवलंय. पहिल्यांदा हे बघणारी मुलं नाकाला रुमाल लावतात. तळघरात कढया उकळत बसलेले स्नेप सरही बहुधा त्याच वासात आयुष्य काढत असणार.

तिसऱ्या पुस्तकात, म्हणजे 1999 सालच्या, ह्याच वनस्पतीचा काढा येतो. ल्युपिन हे मास्तर दर पौर्णिमेला लांडगा होतात. पौर्णिमेच्या आधीचा आठवडाभर त्यांनी तो काढा न चुकता घ्यायचा. घेतला म्हणून लांडगा व्हायचं टळत नाही. शरीर बदलायचं ते बदलतंच, फक्त बुद्धी शाबूत राहते आणि ते कुणाला न चावता खोलीत पडून राहतात. काढा कडूजहर, आणि साखर घातली की निकामी. ‘मॅडम, काढ्यात थोडा गूळ घातला तर चालेल का?’ हा प्रश्न मला ओपीडीत रोज ऐकावा लागतो, त्यामुळे ह्या तपशिलापाशी मी पुस्तक मिटून हसले. पण कौतुक त्याचं नाही. जुनाट दुखण्याच्या रोग्याला आपण जे देतो ते बहुतेक वेळा असंच असतं. दुखणं जात नाही, माणूस माणसात राहतो. मधुमेहाच्या, संधिवाताच्या, दम्याच्या रोग्याला हे समजावताना माझी निम्मी ओपीडी खर्ची पडते, आणि ते मुलांसाठी पुस्तक लिहिणाऱ्या बाईने दोन पानांत सांगून टाकलंय.

दुसऱ्या पुस्तकातला मँड्रेकचा प्रकारही मला असाच आवडतो. शाळेतली मुलं दगडासारखी ताठ पडली आहेत, त्यांना उठवणारं औषध मँड्रेकपासून होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही महिनोन्‌महिने थांबावं लागतं, कारण कुंड्यांतली रोपं अजून वयात आलेली नाहीत. मँड्रेक हा खरोखरीचा आहे, भूमध्य समुद्राच्या आसपास उगवतो, धोतऱ्याच्या कुळातला, आणि गुंगी आणणारा. मुळाचा आकार माणसासारखा दिसतो म्हणून त्याच्याभोवती किंकाळीच्या कथा रचल्या गेल्या. पण मला त्यात दिसला तो आमचा द्रव्यसंग्रहणाचा धडा. कोणतं द्रव्य कोणत्या ऋतूत, कोणत्या वयाचं घ्यायचं यावर आयुर्वेदाचे ग्रंथकार शार्ङ्गधर यांनी लिहून ठेवलंय. मुलं तो भाग ऑप्शनला टाकतात आणि बाजारातून बारमाही पावडर आणतात.

जादूची बाजू सगळीकडे इतकी चोख नाही, हेही सांगायला हवं. स्नेप सरांचा दुसरा प्रश्न बेझोअरचा. बकऱ्याच्या पोटात होणारा हा खडा बहुतेक विषांवर उतारा, असं पुस्तक सांगतं आणि सहाव्या भागात हॅरीचा मित्र रॉन त्याच्यावरच वाचतो. शेकडो वर्षं युरोपातले राजे हा खडा सोन्यात मढवून बाळगायचे. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या नवव्या चार्ल्स राजाकडेही एक होता. त्याचा शल्यवैद्य आंब्रोझ पारे ह्याचा मात्र त्यावर विश्वास नव्हता. चांदीची भांडी चोरल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्यापुढे पर्याय ठेवला गेला. विष घ्यायचं, वर हा खडा घ्यायचा, आणि वाचलास तर सुटलास. आचारी कबूल झाला आणि काही तासांत तडफडून मेला. औषधाची परीक्षा म्हणून ही गोष्ट सांगतात. मला मात्र दर वेळी आधी आचारी आठवतो.

जादूला जवळची अशी एक जागा आमच्या शास्त्रातही आहे. रस म्हणजे चव, वीर्य म्हणजे उष्ण-शीत शक्ती, विपाक म्हणजे पचनानंतरचा परिणाम, यांवरून द्रव्याचं काम सांगता येतं. पण काही वेळा ते सांगता येत नाही. चित्रक आणि दंती यांचे रस, वीर्य, विपाक सारखे, तरी दंतीने जुलाब होतात, चित्रकाने होत नाहीत. अशा ठिकाणी चरकाने ‘प्रभाव’ म्हटलं आणि तो अचिंत्य आहे असं सांगून टाकलं. हे प्रामाणिक आहे. पण परीक्षेच्या पेपरांत ह्या प्रभावाचे जे हाल होतात ते विचारू नका. जिथे जिथे अभ्यास कमी पडतो तिथे तिथे पोरं ‘प्रभावामुळे’ लिहून मोकळी होतात. सुमार अद्भुतकथाही हेच करते. नायक अडला की कुणीतरी कांडी फिरवतो. कांडी का फिरली, तिची किंमत कुणी मोजली, याची विचारपूस नाही. असा पेपर मी शून्य मार्क देऊन परत करते आणि अशी पुस्तकं पन्नासाव्या पानावर मिटते.

टोल्कीनचं ‘द रिटर्न ऑफ द किंग’ 1955 चं. त्यात लढाईनंतरचा रुग्णालयाचा प्रसंग आहे, तो आमच्या विभागाच्या भिंतीवर लावावा अशा लायकीचा. तीन रोगी काळ्या श्वासाने थंड पडत चालले आहेत. राजगादीचा वारस अ‍ॅरागॉर्न अ‍ॅथेलास नावाचा पाला मागवतो. तिथल्या वनौषधींचे प्रमुख पंडित येतात आणि त्या पाल्याची निरनिराळ्या भाषांतली नावं, त्याबद्दलचं जुनं गाणं, सगळं सविस्तर सांगतात. पाला मात्र त्यांच्या कोठारात नाही, कारण त्यांच्या मते त्यात काही गुणच नाही. अ‍ॅरागॉर्न वैतागतो. शेवटी एक पोरगा कुठून तरी सहा सुकलेली पानं घेऊन येतो. ती चुरगाळून गरम पाण्यात टाकली की खोली ताज्या वासाने भरते आणि रोगी डोळे उघडतात. यात माझ्या दृष्टीने कल्पना फारशी नाहीच. सुगंधी पानातलं तेल पेशींमध्ये कोंडलेलं असतं, चुरगाळलं की सुटतं आणि गरम पाण्याबरोबर वर येतं. सर्दीला निर्गुडीचा वाफारा घेणारी कुठलीही आजी हे जाणते. खरी जादू त्या पंडिताच्या चित्रणात आहे. औषधींचे निघंटू, म्हणजे जुने कोश, तोंडपाठ, आणि बागेत उभं केलं तर निर्गुडी कोणती नि अडुळसा कोणता याची पंचाईत, असे पंडित मी जवळून पाहिलेत. पदव्यांसकट.

त्याच पुस्तकात अ‍ॅथेलास एका जागी कमी पडतो. नायक फ्रोडोच्या खांद्यातली जखम वरून भरते, आतून भरत नाही. दरवर्षी त्याच तारखेला ती ठणकते. जग वाचवलेला हा पोर स्वतःच्या घरात राहू शकत नाही, शेवटी जहाजात बसून निघून जातो. टोल्कीनची आई 1904 मध्ये मधुमेहाने गेली, इन्शुलिन सापडायला अजून सतरा वर्षं होती. स्वतः तो 1916 मध्ये सोमच्या खंदकांत होता, तिथून ज्वर घेऊन इंग्लंडच्या रुग्णालयात आला. न भरणारी जखम लिहायला त्याला कल्पनेला फार ताण द्यावा लागला नसेल. त्याच्या मित्राचं, सी. एस. लुइसचं, उलट. त्याची आई 1908 मध्ये कॅन्सरने गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पुढे ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’मध्ये त्याने एका मुलाच्या हाती जादूचं सफरचंद दिलं आणि त्याची आजारी आई बरी केली. साहित्य म्हणून मला ते जरा गोड वाटतं. पण नऊ वर्षांच्या मुलाशी कोण वाद घालणार?

आता ज्या पुस्तकामुळे माझी शिकवण्याची पद्धत बदलली, त्याकडे येते. अर्सुला ले ग्विनचं ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’, 1968 चं. गेड हा उतावळा पोरगा ओगियन नावाच्या अबोल जादूगाराकडे शिकायला राहतो. रानातून चालताना ओगियन एका रोपाकडे बोट दाखवतो, नाव सांगतो. गेड लगेच विचारतो, ह्याचा उपयोग काय? ओगियन म्हणतो, मला माहीत असलेला काहीच नाही. आणि मग साधारण असं समजावतो, की सगळ्या ऋतूंतलं त्याचं मूळ, पान, फूल, त्याचा वास, त्याचं बी ओळखीचं झालं, की मग त्याचं खरं नाव शिकता येतं, आणि ते कळणं उपयोगापेक्षा मोठं. गेडने तोडून घेतलेलं त्याचं बोंड मात्र तोवर फेकून दिलेलं असतं.

‘मॅडम, ह्याचा उपयोग काय?’ वनौषधी उद्यानात पाय ठेवल्याबरोबर येणारा हा पहिला प्रश्न. मुलांचा दोष नाही. प्रश्नपत्रिकेत ‘उपयोग लिहा’ला सर्वांत जास्त गुण. तरी मी एक केलं. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला बागेतली एक वनस्पती वाटून द्यायची, वहीत तिच्याबद्दल दर पंधरवड्याला लिहायचं, आणि पहिल्या सहामाहीत उपयोगाचा रकानाच ठेवायचा नाही. पोरं कुरकुरली. एका मुलीच्या वाट्याला भुईआवळा आला. वीतभर झाड, त्यात काय बघायचं म्हणून ती रुसलीच. मग तिच्या वहीत येऊ लागलं, की संध्याकाळ झाली की पानं मिटतात. फुलं आणि फळं पानांच्या रांगेखाली लपून बसतात, वरून दिसतच नाहीत. एक दिवस दोन रोपं घेऊन माझ्या खोलीत आली. ‘मॅडम, हे दोन्ही भुईआवळे आहेत, पण एक खोटं बोलतोय.’ एकाची फळं बारीक देठाची आणि गुळगुळीत, दुसऱ्याची बिनदेठाची आणि खरखरीत. दोन वेगळ्या जाती, बाजारात एकाच पोत्यात येतात. मी तिला काहीही सांगितलेलं नव्हतं. परीक्षेत तिला साधारणच गुण पडले, पण गोळा केलेलं द्रव्य निवडायला आजही मी तिला फोन करते.

निसर्गकवितेकडे मी ह्याच वाटेने गेले, आणि उशिरा गेले. शैक्षणिक सहलीला बसमध्ये कुणीतरी बालकवी म्हणायला लागतंच. उंबर हा आमच्याकडे पंचवल्कलातला एक. वड, पिंपळ, उंबर, पायर आणि पारोसा पिंपळ यांच्या सालींचा काढा जखम धुवायला वापरतात. म्हणजे मी उंबराकडे बघितलं की मला साल दिसायची. बालकवींची ‘औदुंबर’ आठच ओळींची. त्या आठ ओळींत उंबराचा उपयोग कुठेही सांगितलेला नाही, सालीचा नाही, फळाचा नाही, दत्ताचाही नाही. झाड आहे तिथे आहे, कवी बघतोय. ओगियनने गेडला सांगितलं ते हेच. अर्थात कविता वाचून मन बरं होतं वगैरे जे सरसकट बोललं जातं ते मला पटत नाही. श्रावणाची एवढी लख्ख कविता लिहिणाऱ्या बालकवींच्या इतर कवितांत उदासी किती आहे, हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. 1918 मध्ये जळगावजवळ भादली स्टेशनपाशी रेल्वेखाली त्यांचा अंत झाला तेव्हा ते तिशीचेही नव्हते.

हिरवं बघण्याने होतं ते थोडंच, पण मोजता येण्यासारखं. रॉजर उलरिक यांनी 1984 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास छापला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रोगी. काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि वेदनेची जालीम औषधं त्यांना कमी लागली. झाडांनी शस्त्रक्रिया टळली नाही. कवितेकडून मी एवढीच अपेक्षा ठेवते, खिडकीएवढी.

निसर्गकवी वैद्यकीतला असला तर काय होतं ते कीट्समध्ये दिसतं. त्याने एका शल्यवैद्याकडे उमेदवारी केली, लंडनच्या गाइज रुग्णालयात शिकला आणि 1816 मध्ये औषधविक्या वैद्याचा परवाना मिळवला. मग सगळं सोडून कविता. क्षयाने भाऊ गेला, त्याची शुश्रूषा ह्यानेच केली, आणि 1821 मध्ये पंचविसाव्या वर्षी त्याच रोगाने तोही गेला. ‘ओड ऑन मेलँकली’च्या सुरुवातीला तो उदास माणसाला काय काय घेऊ नकोस ते सांगतो. त्या यादीत अ‍ॅकोनाइट आहे, नाइटशेड आहे, यू झाडाची फळं आहेत. दुसऱ्या कुणी लिहिली असती तर ती नुसती काळी सजावट वाटली असती. कीट्सची यादी वाचताना मला कुलूपबंद कपाटातल्या बरण्या दिसतात. प्रत्येक चिठ्ठी बरोबर.

आणि सगळ्यांत जुनी औषधकविता आपल्याच घरात आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 97 वं, ओषधीसूक्त. बोलणारा वैद्य आहे आणि चांगलाच व्यवहारी आहे. रोगी बरा झाला तर घोडा, गाय, वस्त्र मिळेल, असा हिशोब तो उघड मांडतो. औषधी वनस्पतींना आया म्हणतो. सभेत राजे जमावेत तशा औषधी ज्याच्याजवळ जमतात तो वैद्य, म्हणतो. आणि एका ऋचेत मागणं मागतो, की तुम्हाला खणणाऱ्याला इजा न होवो आणि ज्याच्यासाठी खणतो त्यालाही न होवो. तास सुरू होण्याआधी हे मी विद्यार्थ्यांना सांगते. फक्त एक विचारावंसं वाटतं, जी खणली जाते तिचं काय?

हा प्रश्न कवितेपुरता नाही. यू ह्या झाडाची गोष्ट सांगते. इंग्लंडात ते चर्चच्या आवारात, थडग्यांजवळ वाढतं. वर्ड्‌सवर्थने त्याच्यावर कविता लिहिली. हॅरी पॉटरमधल्या खलनायकाची, वोल्डेमॉर्टची, कांडी ह्याच लाकडाची. फळाचा लाल गर सोडला तर सगळं झाड विषारी. त्याचा हिमालयातला भाऊ आम्हाला वेगळ्याच कारणाने छळतो. खोकल्यावरच्या तालीसादि चूर्णात तालीसपत्र पडतं, ते हिमालयातल्या फर झाडाचं पान. बाजारात त्यात यूची पानं मिसळून येतात. स्पॉटिंगला, म्हणजे द्रव्य ओळखण्याच्या परीक्षेला, मी दोन्ही ठेवते. फरच्या पानाच्या पाठीवर दोन पांढुरक्या रेषा, टोकाला खाच, चुरगाळलं तर राळेचा वास. यूच्या पानाचं टोक अणकुचीदार, आणि राळेचा वास नाही. भिंग घेऊन अर्धा मिनिट बघितलं तर चूक होत नाही. बघितलं तर.

अमेरिकेतल्या यूच्या सालीतून टॅक्सॉल सापडलं. 1971 मध्ये त्याची रचना जाहीर करणाऱ्यांपैकी मनसुख वाणी हे नंदुरबारला जन्मलेले, मुंबईत शिकलेले. 1992 मध्ये ते कॅन्सरवरचं औषध म्हणून मान्य झालं. पण साल सोलली की झाड मरतं, आणि शंभर वर्षांच्या झाडाच्या सालीतून जेमतेम एका डोसाचं औषध निघायचं. पुढे यूच्या पानांतल्या एका द्रव्यापासून ते बनवण्याची रीत सापडली म्हणून झाडं वाचली. वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनीच त्याआधी, 1966 मध्ये, एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं होतं. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात आहे. फुलांच्या घाणेरड्या वासामुळे ज्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं ते झाड त्यानंतर ट्रकांनी तोडलं गेलं. वाल्मीकींच्या युद्धकांडात हनुमान औषधींचं शिखर उपटून आणतो, कारण औषधी त्याला बघून लपतात. हे सगळ्यांना माहीत असतं. काम झाल्यावर तो ते शिखर परत नेऊन ठेवतो, हे माझ्या वर्गात फार थोड्यांना माहीत असतं.

त्या शिखरावर चार औषधी होत्या. मेलेल्याला उठवणारी, शल्य काढणारी, कातडीचा वर्ण परत आणणारी आणि तुटलेलं सांधणारी. लोकांना फक्त पहिलीच लक्षात राहते. एक तरुण आमच्या ओपीडीत वडिलांची फाइल घेऊन आला होता. फुप्फुसाचा कॅन्सर, केमो चालू. खिशातून त्याने एक वाळका, मुठीसारखा मिटलेला गोळा काढला. जत्रेत बऱ्याच पैशांना घेतला होता. ‘संजीवनी आहे, पाण्यात टाकली की जिवंत होते.’ मी वाटीत पाणी घेऊन गोळा टाकला. आम्ही बोलत होतो तोवर कडा सुटू लागल्या, दुपारपर्यंत सगळा उलगडून हिरवा झाला. सेलॅजिनेला, नेच्यांच्या नात्यातली. वाळून पडलेली असली तरी पाणी मिळालं की पुन्हा हिरवी होते, ही तिची स्वतःची करामत. दुसऱ्याला उठवत नाही. मी तसं सांगितलं. मग फाइलमध्ये औषधाचं नाव दाखवलं, पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे तेच टॅक्सॉल, आणि झाडाची हकिगत सांगितली. ‘म्हणजे हे आयुर्वेदिकच झालं की!’ तो खुलला. नाही झालं, म्हटलं. शुद्ध केलेलं, तोलून मोजलेलं, चाचण्या पार केलेलं आहे ते, आणि एकही सायकल चुकवू नकोस. सर्दी-पडशाचं, पोटाचं काही असेल तर तुझ्या डॉक्टरांना विचारून माझ्याकडे ये.

अर्थसीमध्ये गेडला त्याचा वनौषधींचा गुरू बजावतो, की जखम भर, रोग बरा कर, पण निघालेल्या जिवाच्या मागे जाऊ नकोस. गेड एका मित्राच्या मरणाऱ्या लेकरामागे जातो. पोर परत येत नाही, गेडच मरता मरता वाचतो. हा प्रसंग मी वर्गात सांगते तेव्हा नेहमी कुणीतरी विचारतं, मग जादूचा फायदा काय? मी म्हणते, जखम भरते ना. त्या तरुणाचे वडील पुढे गेले. तो अजून येतो, अ‍ॅसिडिटीसाठी.

जादू आणि औषध यांना एकत्र बसवणारा एक मजकूर मी अभ्यासक्रमाबाहेर जाऊन वाचायला लावते. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज अ‍ॅक्ट, 1954. कॅन्सर, मधुमेह अशा रोगांची एक यादीच त्यात आहे, आणि ते बरे करण्याची जाहिरात करायला बंदी आहे. तावीज, मंत्र, कवच यांची नावंही कायद्याने घेतली आहेत. तरी माझ्या फोनवर रोज अशी जाहिरात येते, बहुतेक वेळा माझ्याच कुणा आतेभावाने पुढे ढकललेली. कादंबरीकारावर हा कायदा लागू नाही. तरीही ले ग्विन आणि टोल्कीन तो जाहिरातवाल्यांपेक्षा नीट पाळतात.

वाचकांना एक विनंती. झाड ओळखून हवं असेल तर एकटं पान किंवा मोबाइलवरचा अंधूक फोटो आणू नका. फूल किंवा फळ असलेली लहानशी फांदी वर्तमानपत्रात चेपून आणा, मुळासकट उपटू नका. कुठे मिळालं, कोणत्या महिन्यात मिळालं, वास कसा होता, हे चिठ्ठीवर लिहा. जवळच्या कुठल्याही आयुर्वेद किंवा वनस्पतिशास्त्राच्या महाविद्यालयात कुणीतरी आनंदाने सांगेल. आणि ओळख पटेपर्यंत ते पोटात घेऊ नका, आतेभावाने कितीही आग्रह केला तरी.